एकसारखी फरशी

गोटीमिस्त्रींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांत फरश्या बसवल्या. त्यांच्या कामाला नाव ठेवायला कधी कुणाला जागा मिळाली नाही, म्हणून लोकांनी मिस्त्रींनाच नाव ठेवलं. काम संपलं की सदऱ्याच्या खिशातून एक काचेची गोटी काढायची, खोलीच्या मधोमध ठेवायची आणि मालकाला म्हणायचं, बघा आता. गोटी जागची हलायची नाही. मालकाची पोरं पालथी पडून फुंकर मारायची, तेव्हा कुठे बिचारी सरकायची. कधी चुकून आपणहून घरंगळली, तर मिस्त्री तेवढी फरशी उचलून परत बसवायला घ्यायचे. मालक म्हणायचा, अहो राहू द्या, कोण बघतंय? मिस्त्री म्हणायचे, गोटी बघतेय ना.

आणि यांचं स्वतःचं घर? काय सांगावं! तिथे दारात गोटी सोडली असती तर बोळातून स्वयंपाकघरात उतरून थेट मोरीत जाऊन पडली असती. हे मिस्त्रीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. त्या ऐकवायला लागल्या की मिस्त्रींना नेमकं बाहेर काहीतरी काम आठवायचं.

बाईंचं तरी काय चुकलं? लग्न ठरलं तेव्हा नवरा फरशीच्या धंद्यातला म्हणून त्या मैत्रिणींना सांगून आल्या होत्या की माझ्या घरात आरशासारखी फरशी असणार, वेणीफणी तिच्यात बघून करणार. आल्या आणि बघतात तर गल्लीच्या टोकाला एक खोली, वर पत्रा, खाली साधा सिमेंटचा कोबा, तोही कोपऱ्यात तडकलेला. बोलल्या काही नाहीत. संध्याकाळी केर काढताना मात्र केरसुणी अशी काही आपटली की मिस्त्रींना कळायचं ते कळलं.

मग मिस्त्रींनी कामावरचं उरलंसुरलं आणायला सुरुवात केली. चोरून नाही हं, मालकाला विचारून, सायकलला बांधून. मोठ्या कामात शेवटी थोडा माल उरतोच, आणि त्याचं करायचं काय हे मालकालाही सुचत नसतं. एका बँकेतला काळा गुळगुळीत दगड उरला, तो बाहेरच्या खोलीला लागला. थंडगार असायचा. मुलगी झाली तेव्हा मागे स्वयंपाकघर काढलं, तिथे दवाखान्याच्या उतारावरच्या लाल, खाचांच्या फरश्या आल्या. मागची जमीनच खोलगट, तेव्हा स्वयंपाकघर दोन बोटं खाली गेलं ते गेलंच. मग मुलगा झाला आणि बाजूची खोली निघाली. मधला बोळ उरला होता, तो फुटक्या तुकड्यांनी भरून काढला.

बाजूच्या खोलीत कपाटापाशी एक फरशी पोकळ बसली. मिस्त्रींना ते बसवतानाच कळलं होतं. पण बायको बाळंतीण, मोठी पोर भोकाड पसरून बसलेली, फरशीखाली घालायचा सिमेंटचा माल कमी पडलेला. घाईघाईने दाबून दिली झालं. तिच्यावर पाय पडला की टक्क वाजायचं. फरशीवाल्याच्या घरात पोकळ फरशी म्हणजे शिंप्याच्या सदऱ्याला फाटका खिसा. ते टक्क ऐकलं की मिस्त्रींचं तोंड कडू व्हायचं.

घर असं वाढत गेलं. पुढे पत्रा जाऊन स्लॅब आला, खिडक्या मोठ्या झाल्या, मोरीला नळ आला. पोरं शिकली. मुलगा नोकरीला दूरच्या शहरात गेला, मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर गेली. वरचं सगळं बदललं, पायाखालचं मात्र होतं तसंच राहिलं.

"एकच मागते," मिस्त्रीणबाई म्हणायच्या. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एकसारखी फरशी, एक रंग, एक पातळी. रंगसुद्धा ठरलेला. एकदा मिस्त्रींबरोबर दुकानात गेल्या असताना त्यांनी मधाच्या रंगाची एक फरशी दोन्ही हातांत उचलून धरली होती आणि ती खाली ठेववत नव्हती. मिस्त्री म्हणायचे, घालू गं, हे हातातलं काम उरकू दे. हातातलं काम कधी उरकतं का? एक उरकलं की दुसरं हजर. बाई चिडायच्या, दोन दिवस अबोला धरायच्या, तिसऱ्या दिवशी परत तेच.

आणि मग काही वर्षांपूर्वी त्यांनी मागणंच सोडलं. कुणी पाहुणा म्हणालाच की आता हे सगळं एकसारखं करून टाका, तर त्याच म्हणायच्या, असू दे, आहे ते बरं आहे. मिस्त्रींना हे फार लागलं. भांडणारी बायको परवडली. जिने आशाच सोडली तिच्यासमोर जेवायला बसायचं कसं? मिस्त्रींचं वय झालं, बाहेरची कामं बंद झाली, आणि दिवसभर घरात बसून ते त्या काळ्या, लाल, तुकड्यातुकड्यांच्या जमिनीकडे बघत राहायचे. आपण या बाईला साधी एक फरशी देऊ शकलो नाही, हे त्यांच्या मनाला कुरतडत असे.

तशात लेकीचा पाय मोडला. घोट्याला प्लास्टर, घरात लहान मूल, जावयाची नोकरी फिरतीची. मिस्त्रीणबाई मदतीला गेल्या. जाताना का कोण जाणे, फार जिवावर आल्यासारखं करत होत्या. पण त्या गेल्या आणि मिस्त्रींनी त्याच दुपारी छिन्नी-हातोडा बाहेर काढला.

शेजारचा रंगारी, मिस्त्रींचा जुना दोस्त, आवाज ऐकून आला. वहिनींना विचारलंस का, म्हणाला. मिस्त्री म्हणाले, विचारल्यावर कसली आलीय गंमत? रंगारी म्हणाला, बाबा रे, मी भिंतीला नुसता रंग लावतो, तोही घरातल्या बाईला तीनतीनदा विचारून. मिस्त्रींनी त्याला एक घमेलं दिलं आणि फोडलेलं राबीट उचलायला लावलं.

पाठ बोलत होती, गुडघे बोलत होते, पण मिस्त्री ऐकत नव्हते. जुनं सगळं फोडलं. ती पोकळ फरशी एका टोल्यात निघाली, तेव्हा तर त्यांना हसूच आलं. सगळा राडारोडा ट्रॉलीत भरून कुठल्याशा खड्ड्याच्या भरावाला गेला. स्वयंपाकघरात भर घालून ते वर आणलं. पातळी वाढली तशी दारं घासायला लागली, तर दारं उतरवून खालून रंधली. आणि मग मधाच्या रंगाची फरशी, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, दरजेला दरज लावून. सामानही नव्याने लावलं, कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं. शेवटी गोटी काढली आणि एकेका खोलीत ठेवून पाहिली. कुठे म्हणून हलली नाही. एवढं निर्दोष काम त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं, आणि बघायला घरात कुणीच नव्हतं.

मधे लेकीचा फोन आला होता. आई इथे फार धडपडते, म्हणाली. परवा दूध पातेल्यात न ओतता ओट्यावरच ओतलं. दाराच्या चौकटीला कपाळ आपटून घेतलं. म्हणते, तुझ्या घराची मला सवय नाही. बाबा, माझा पाय बरा झाला की मी तिला इथेच ठेवून घेणार आहे, आणि तुम्हीही या. मिस्त्री हसले. परक्या घरात होतं असं, म्हणाले.

लेक कुबडी घेऊन जरा चालती झाली तशी मिस्त्रीणबाईंनी घरी जायचा हट्ट धरला. जावयाने त्यांना गाडीतून दारात सोडलं आणि तो गेला. मिस्त्री दाराच्या कडेला नवऱ्या मुलासारखे उभे. मिस्त्रीणबाईंनी चप्पल काढली, पाय आत टाकला आणि थांबल्या. पाय पुढे सरकवला, मागे घेतला, परत सरकवला.

"अहो, फरशी बदललीत?"

बघ तर खरी, मिस्त्री म्हणाले. बाई तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, छान झालीय हो. आणि त्यांना रडू फुटलं. मिस्त्रींना वाटलं, आनंदाने. एवढी वर्षं ताटकळत ठेवलं, त्याचं आज कुठे चीज झालं, असं त्यांना वाटलं.

पण पुढचे दिवस काही ठीक जाईनात. बाई दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायला लागल्या. स्वयंपाकघरात जाताना नसलेली पायरी उतरायला गेल्या आणि ओट्यावर आदळल्या, ताट खाली पडून दणाणलं. एकदा मोरीत म्हणून निघाल्या आणि बाजूच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. काय शोधतेस, विचारलं तर म्हणाल्या, काही नाही. गुळगुळीत आहे ना, सवय होईल. मिस्त्रींनी लगबगीने बाजारात जाऊन घरात घालायला मऊ चपला आणल्या. त्या घातल्यापासून तर बाई भिंतीला हात लावल्याशिवाय पाऊल उचलेनात. मिस्त्रींना वाटलं, रंग आवडला नसेल, मन मोडवत नाही म्हणून बोलत नाही. रंगावरून त्यांनी दोनदा आडून आडून विचारूनही पाहिलं.

मग दुपारी एकदा लेकीचा फोन आला. मिस्त्री खुर्चीजवळच खाली बसून हत्यारं पुसत होते. लेकीने नव्या फरशीचा रंग विचारला.

"पांढरी गं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "पांढरी शुभ्र."

मिस्त्रींनी फरशीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. त्यांना वाटलं, बोलण्याच्या भरात चुकलं असेल. लेक पुढे बोलत होती: प्लास्टर निघालंय, रविवारी आम्ही येतो फरशी बघायला, आणि तुला घेऊनच जाते. बाई बरं म्हणाल्या, फोन ठेवला आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? की बाहेर गेलात?"

मिस्त्री त्यांच्या पायांशी, हात लांबवला तर लागेल इतके जवळ बसले होते. त्यांनी हळूच हात वर केला आणि बायकोच्या तोंडासमोरून नेला. बाईंची पापणी हलली नाही. त्या आतल्या दाराकडेच कान देऊन बसल्या होत्या.

"मी इथेच आहे," मिस्त्री म्हणाले.

माणूस घाबरला की आधी रागावतो. मिस्त्रीही रागावले, ओरडले, कधीपासून, म्हणाले. बाईंनी शांतपणे सांगितलं. बरीच वर्षं झाली. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. रंगाऱ्याच्या बायकोला शपथ घालून तिच्याबरोबर डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. डोळ्याच्या आतली शीर सुकलीय, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता उजेड कळतो आणि खिडकीत कुणी उभं राहिलं तर सावली कळते, बस्स.

दोन फरश्यांमधली दोऱ्याएवढी फट ज्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची, त्या माणसाला हे दिसलं नव्हतं! मिस्त्रींना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? लेकीने नेऊन खुर्चीत बसवलं असतं. तुम्ही मला पेलाभर पाणी माझ्या हाताने घेऊ दिलं नसतं. या घरात मला कुणी हाताला धरून नेत नव्हतं हो. थंड लागलं की बाहेरची खोली, तुकडे टोचले की बोळ, दोन बोटं उतरले की स्वयंपाकघर, टक्क वाजलं की कपाट. मला सगळं दिसत होतं."

मिस्त्री म्हणाले, तू फरशी मागायची सोडलीस तेव्हा मला वाटलं, तू माझी आशाच सोडलीस.

"जन्मभर मागितली तेव्हा दिली नाहीत," बाई म्हणाल्या. "मागायची थांबले, तर लगेच घातलीत." आणि घरी परतल्यापासून पहिल्यांदाच त्या हसल्या. मिस्त्रींना काही हसता येईना. ते तोंडावर पंचा धरून बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, मी जाते लेकीकडे. आता इथे काय आणि तिथे काय, सगळीकडे सारखंच गुळगुळीत. निदान तिला घोर नको. अगदी सहज म्हणाल्या, पण त्यांचे हात मांडीवर पदराचं टोक पिळत होते. मिस्त्रींनी पन्नासेक वर्षांच्या संसारात हे असं पिळणं फक्त मुलगा गाव सोडून गेला त्या दिवशी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी छिन्नी हातात घेतली. सांग, कुठे काय हवं, म्हणाले. बाई म्हणाल्या, अहो वेड लागलंय का, एवढी नवी फरशी! मिस्त्रींनी उत्तर म्हणून पहिला टोला घातला.

जुन्या फरश्या तर मातीला मिळालेल्या, तेव्हा सगळं नव्यानेच जुळवायचं होतं. मिस्त्री नवी ओळ उखडायचे, तिथे दगडाची पट्टी बसवायचे, तिला छिन्नीने टाचे मारून खरखरीत करायचे. बाई चपला फेकून अनवाणी पायाने चाचपायच्या. हे फार टोचतंय. हे कळतच नाही. इथे नको, इथे मी वळते, वीतभर अलीकडे घ्या. मिस्त्रींनी आयुष्यात पुष्कळ किरकिरे मालक पाहिले होते, पण अशी मालकीण नव्हती पाहिली. स्वयंपाकघर परत खोदून दोन बोटं खाली नेलं. तिथे बाई म्हणाल्या, अजून जरा खाली. मिस्त्री गयावया करायला लागले, अगं दोन म्हणजे दोनच होती. होती, बाई म्हणाल्या, पण आता माझे पाय म्हातारे झालेत, त्यांना मोठ्याने सांगावं लागतं.

घोडं अडलं ते पोकळ फरशीपाशी. बाईंना कपाटाच्या नव्या जागेपाशी टक्क हवं होतं. आणि मिस्त्रींना मुद्दाम पोकळ बसवताच येईना! हाताला सवयच नाही. कमी माल घ्यायचे आणि शेवटच्या क्षणी थापी आपोआप चारी कोपरे भरून टाकायची. फरशी अशी घट्ट बसायची की वाजायचं नावच नको. रंगारी खिडकीत उभा राहून पोट धरून हसत होता. शेवटी मिस्त्रींनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि डाव्या हाताने बसवली. सुकल्यावर बाईंनी पाय ठेवला. टक्क वाजलं. मिस्त्रींनी सवयीने तोंड वेडंवाकडं केलं.

रविवारी लेक आली, अजून जरा लंगडतच. जावई बाहेर मुलाला घेऊन थांबला. दारातून आत बघून लेकीने कपाळाला हात लावला. नव्याकोऱ्या फरशीत दगडाच्या पट्ट्या काय, स्वयंपाकघराला खड्डा काय, सगळीकडे सिमेंटची धूळ काय. बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं, म्हणाली. मिस्त्री तोंड उघडणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, त्यांना बोलू नकोस, मला दिसत नाही.

लेक खाली बसली. आधी तिला पटेना, मग एकेक आठवत गेलं, ओट्यावर ओतलेलं दूध, चौकट, कपाळ, आणि ती आईच्या गळ्यात पडून रडली. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि ती आपल्या आईसारखीच वागली, म्हणजे हट्टाला पेटली. आता तर तुला इथे ठेवणं शक्यच नाही. उद्या पडलीस, भाजलं, तर? बाबांचं वय काय? आजच्या आज चल. ती उठून कपड्यांची बॅगही काढून घेऊन आली. लेक चुकीचं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती.

"चहा करते," बाई उठल्या. "मग बोलू."

लेक मदतीला पुढे झाली, मिस्त्रींनी तिचा दंड धरला. बाई गुळगुळीत भागावरून निघाल्या. बोळाच्या तोंडाशी थांबल्या. पाय डावीकडे सरकवला, काही लागलं नाही. अर्धं पाऊल चुकीचं पडलं आणि खांदा भिंतीला घासला. लेकीने श्वास रोखला. मिस्त्रींची बोटं तिच्या दंडात रुतली होती हे त्यांना कळतही नव्हतं. बाईंनी पाय मागे घेतला, उजवीकडे नेला, पट्टी खरखरली. त्या चालत्या झाल्या, दाराशी पोचल्या आणि पायरी उतरून आत दिसेनाशा झाल्या.

मिस्त्रींनी लेकीचा दंड सोडला आणि ते खाली टेकले. आतून नळाचा आवाज आला. पातेलं शेगडीवर टेकलं. काडी ओढली, एकदा विझली, परत ओढली. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना, नुसती डब्यांची सरकासरक. मिस्त्रींनी घर लावताना डबेही आपल्या मनाने लावले होते.

"अहो, साखर कुठे ठेवलीत?"

मिस्त्री ताडकन उठले. जमिनीवरून पाय उचलल्याची चाहूल आत गेली असावी.

"येऊ नका," आतून आवाज आला. "नुसतं सांगा."

मिस्त्री होते तिथेच थांबले. मग हळूहळू परत खाली बसले. लेक त्यांच्याकडे बघत होती, बॅग तिच्या हातात तशीच होती.

"खालच्या फळीवर," मिस्त्री बसल्या जागेवरून म्हणाले, "उजव्या हाताला, दुसरा डबा."

आत झाकण उघडल्याचा आवाज झाला. सापडला, बाई म्हणाल्या, आणि लेकीला विचारलं की तुला किती घालू.